पेटीतला पाव्हणा

डावं-उजवं मला लहानपणी नीट कळत होतं. ते बिघडलं हैदराबादेत, डॉक्टरी शिकताना. निजाम सरकारच्या त्या काळात वैद्यकाची सगळी पुस्तकं उर्दूत होती, आणि उर्दू मी मिसरूड फुटल्यावर शिकलो. ओळ उजवीकडून डावीकडे पळायची. शेजारच्या चित्रातला माणूस माझ्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचा उजवा हात माझ्या डाव्या अंगाला. या दोन उलट दिशांत मी असा सापडलो की हाडं, नाड्या, हृदयाचे कप्पे सगळं घडाघडा म्हणायचो, आणि कुणी बाजू विचारली की माझी बोंब. सनदेच्या परीक्षेत दोनदा नापास झालो तो याच पायी.

तिसरी खेप शेवटची होती. तीत हुकलो तर नाव कायमचं कटणार होतं. आमच्या वडिलांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, नांदेडच्या आपल्या वकिली कचेरीत नकला करायला माझी बैठक घालूनही ठेवली होती. मी उजळणीसाठी घर सोडलं आणि लातूरजवळच्या मुरुडला सिंधुआत्याकडे आलो.

आत्या विधवा, माळवदी घरात एकटी राहायची. तिचे यजमान पोटाच्या दुखण्याने लातूरला नेता नेता बैलगाडीतच गेले होते. मुरुडला तेव्हा डॉक्टर नव्हता. त्यामुळे माझ्या सनदेची निकड माझ्याइतकीच तिला होती, आणि ती हे रोज बोलूनही दाखवायची.

माझ्याबरोबर एक लाकडी पेटी होती. तीत माणसाची हाडं. रामकिशन नावाचा वरच्या वर्गातला विद्यार्थी पास होऊन गेला तेव्हा ती मला देऊन गेला, त्याला आणखी कुणी दिली होती. हाडं कुणाची, असं विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. आत्याला पेटीत काय आहे ते कळलं तर ती मला पेटीसकट बाहेर काढील, अशी माझी खात्री होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती चहा घेऊन आली आणि सतरंजीवर मांडलेला हात बघून दारातच थांबली.

"कुणाचं हाय हे?"

"माहीत नाही, आत्या."

"हिंदू का मुसलमान?"

"तेही माहीत नाही."

तिने चहा खाली ठेवला. मग म्हणाली, "दारात आलेल्याला इचारत न्हाईत आपण. हणमंता, तुझ्याआधी ह्याला पान वाढीन म्या. पाव्हणा हाय."

त्या दिवसापासून पेटीच्या खोलीत आधी एक पत्रावळ जाऊ लागली. भाकरी, वरण, कधी अंबाडीची भाजी. थोड्या वेळाने आत्या ती उचलून गाईला घालायची. मला हसू यायचं, पण बाहेर काढलं नाही याचे उपकार इतके होते की मी हसू गिळलं.

दुपारच्या उन्हात खोली थंड असायची. मी सतरंजीवर हाडं मांडायचो आणि मोठ्याने उजळणी करायचो. गळ्याखालचं आडवं हाड, उर्दूत तरकुवा: जाड टोक छातीकडे, चपटं खांद्याकडे, खोबण खालच्या अंगाला. तरीही डावं उजवीकडे ठेवायचो. हात धुवायला आडावर गेलो आणि परत आलो की दोन्ही हाडं बदललेली असायची. बरोबर बदललेली.

मी आत्यावर संशय घेतला. ती म्हणाली, "पाव्हण्याच्या अंगाला हात लावीन का म्या?"

मग मीच उठता उठता बदलत असणार, अशी मी समजूत घातली. थकलेला मेंदू असली कामं आपल्या नकळत करतो, हे मी पुस्तकातच वाचलं होतं.

एका दुपारी मी डोळे मिटून हृदय म्हणत होतो. "तीन पडद्यांची झडप डाव्या अंगाला..." इतकं म्हटलं आणि छातीच्या उजवीकडे कुणीतरी अंगठा टेकवला. गार आणि कोरडा. मी डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं, बाहेर आत्या ज्वारी पाखडत होती.

मी हळूच म्हणालो, "उजव्या अंगाला."

अंगठा उचलला गेला.

घाबरलो का? घाबरलो. पण परीक्षा तोंडावर आली होती, आणि आजवर एकाही मास्तराने मला असं शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दुपारी मी पुन्हा डोळे मिटून बसलो. यकृत डावीकडे म्हटलं की उजव्या बरगडीखाली. प्लीहा उजवीकडे म्हटली की डावीकडे. कधी राग नाही, घाई नाही. चूक झाली की तेवढा एक स्पर्श, दुरुस्ती झाली की संपला. हळूहळू स्पर्श कमी होत गेले. निघायच्या आदल्या दुपारी एकही झाला नाही, आणि मी पेटीला हात जोडले. मनापासून जोडले.

पेटी मुरुडलाच ठेवून मी हैदराबादला गेलो. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी रुमालाखाली एक लहानसं हाड माझ्या हातात दिलं.

"कौनसी हड्डी? और किस तरफ की?"

मनगटातलं, होडीच्या आकाराचं, हे बोटांना कळलं. बाजू कळेना. कपाळावर घाम आला. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात माझ्या उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या बुडाशी, तो टेकला.

"उजव्या हाताचं," मी म्हणालो.

मला सनद मिळाली. मुरुडला परतलो तेव्हा आत्याने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ती रडली. मग सहज म्हणाली, "तुझी परीक्षा मंगळवारी होती ना रे?"

"हो. कसं कळलं?"

"त्या दिवशी पान जसंच्या तसं राहिलं. एरवी घास-दोन घास तरी कमी व्हायचे. मला वाटलं, तुला ठाव हाय."

मी एक ठरवलं: ज्याने मला उभं केलं त्याला पेटीत ठेवायचं नाही. नांदेडला जाऊन गोदावरीच्या घाटावर मी विधी मांडला. गुरुजींनी नाव विचारलं, मला सांगता आलं नाही. गोत्र विचारलं.

"तेही माहीत नाही."

"मग काश्यप म्हणू. माहीत नसलं की तेच म्हणतात."

इतकं करणाऱ्याला परकं गोत्र कसं लावायचं?

"नको, गुरुजी. आमचं गोत्र लावा. माझा थोरला भाऊ म्हणून सोडा."

गुरुजींनी हातातले दर्भ खाली ठेवले. "असं करू नये हो. परक्याला घरचं केलं की तो जायचा कुठे?"

मी ऐकलं नाही. आमचं गोत्र लागलं, हाडं पाण्यात गेली, आणि मी हलक्या मनाने मुरुडला येऊन ओसरीवर दवाखाना मांडला.

पावसाळा सरत असताना धोंडप्पा आला. जवळच्या वाडीचा शेतकरी, मी त्याला ओळखत नव्हतो. त्याने बसता बसता दोन कोरी धोतरं माझ्यापुढे ठेवली.

"एक तुमाला, डॉक्टरसाब. एक थोरल्यांना."

"कोण थोरले?"

"तुमचे बंधू. तुमी निलंग्याला गेलता त्या दिशी लेकीचा खांदा निखळला. गाडीत घालून आणली तर वसरीवर थोरलेच बसलेले. बोलले न्हाईत कायी. हाड चाचपलं, एक हिसका, बसलं बघा. आता पोरगी कापूस येचती." त्याने हात जोडले. "लई उपकार हायत त्यांचे. दिसंनात ते?"

त्या दिवशी आत्या शेतात होती. घराला कुलूप होतं.

"बाहेर गेलेत," मी म्हणालो.

धोंडप्पा गेल्यावर मी त्याच्या लेकीचा चेहरा मनात आणायचा प्रयत्न केला. मी कधीच न पाहिलेली, कापूस वेचणारी एक मुलगी. भीती वाटत होती, आणि तिच्याखाली डोळे भरून येतील इतकं कृतज्ञ वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

माझं धोतर मी ट्रंकेत ठेवलं. दुसरं पेटीच्या, आता रिकाम्या खोलीतल्या खुंटीवर, घडी न मोडता.

सकाळी आत्याने अंगणातून हाक मारली. "हणमंता, एवढ्या पहाटे आंघोळ केलीस व्हय रे?"

मी अंथरुणातच होतो.

बाहेर आलो. दोरीवर नवं धोतर वाळत होतं. नीट पिळलेलं, झटकून टाकलेलं, आणि त्याच्या काठावरून अजून पाणी ठिबकत होतं.