कोरड्या जाकिटातलं पाणी

“बसून घ्या बायांनो, बसून घ्या! सिद्धनाथ पल्याड पोचवतो, बुडवत न्हाय!”

नवऱ्याची ही हाक फुलाबाईनं भीमेच्या काठावर ऐकली, ती एकाहत्तरच्या नागपंचमीला.

पुन्हा ऐकली ती त्र्याहत्तरच्या मे महिन्यात. सोलापुरात, नव्या पेठेच्या मागच्या बोळात, एका वर्कशॉपमध्ये. दुपारी बाराला.

मधल्या काळात सिद्धनाथ जिवंत नव्हता.

खोटं वाटत असेल तर वाटू दे. ऐकणारी माणसं तीन होती, आणि तिघांनीही शेवटपर्यंत आपला शब्द फिरवला नाही. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हे ऐकाच.

सिद्धनाथ मंद्रूपच्या पलीकडं, भीमेवर मोटर-लाँच चालवायचा. त्या पंचमीला माहेरी निघालेल्या बायांनी लाँच भरली होती. हातात नवा चुडा, ओटीत लाह्या. नदीला लोंढा होता. मधोमध गेल्यावर इंजिन दोनदा खोकलं...

आणि गप्प झालं.

पाच बाया गेल्या. सिद्धनाथ गेला. चौकशी झाली आणि कागदावर आलं, चालक दारूच्या नशेत होता.

ज्या माणसानं कधी ताडीचा घोट घेतला नाही, तो दारुड्या ठरला. आणि फुलाबाई ठरली बुडव्याची बायको. दुष्काळ पडला तसा गावानं विहिरीवर तिचा नंबर शेवटी लावला. तिची घागर आत जाईपर्यंत खाली नुसता गाळ उरायचा.

ती रडली नाही. खडी फोडायच्या कामावर जात राहिली.

मग भीमाच आटली. वाळू उघडी पडली, आणि वाळूतून लाँच उघडी पडली. फुलाबाई खडीचा हातोडा घेऊन पात्रात उतरली. गंजलेले नट ठोकून ठोकून तिनं इंजिनाचा एक तुकडा सोडवला, लुगड्यात बांधला, डोक्यावर घेतला आणि सोलापूरची एसटी धरली.

तो तुकडा म्हणजे जाकीट. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा ओतीव लोखंडाचा, बिडाचा नळ, दुहेरी अंगाचा. आतून धूर जातो. दोन अंगांच्या मधल्या पोकळीत नदीचं गार पाणी खेळतं, म्हणून नळ तापत नाही. आतल्या अंगाला भेग गेली, की तेच पाणी इंजिनात शिरतं.

हे तिला सिद्धनाथनंच सांगितलं होतं. पंचमीच्या सकाळी तो हेच जाकीट सोलापूरहून सांधून घेऊन आला होता.

सांधणारा होता बसलिंगप्पा मिस्त्री.

तिनं गाठोडं त्याच्या टेबलावर आदळलं. “वळखलं का?”

मिस्त्रीनं चष्मा वर सरकवला. त्याचं तोंड उतरलं. पण क्षणभरच. “असली छप्पन येत्यात, अक्का.”

“हे तुमीच सांधलंय. माझ्या नवऱ्याच्या लाँचचं. पाणी भरून बघा. गळतंय का न्हाय, एवढंच सांगा. ऐकल्याबिगर मी उठायची न्हाय.”

“पाणी?” मिस्त्री हसला. “माणसाला प्यायला न्हाय, आन तू बिडाला पाजाय निघालीस व्हय?”

घणावरचा धुळाप्पा भट्टीपाशी बसून भाकरी खात होता. तो म्हणाला, “दोन वर्सं नदीत व्हतं की त्ये. अजून तहान भागली न्हाय?”

फुलाबाईनं जाकीट उपडं केलं. आतून वाळू पडली. कोरडी, सोजीसारखी मोकळी.

“बघ, वाळलंय खडखडीत,” मिस्त्री म्हणाला. “माझं काम चोख व्हतं. दोष तुझ्या नवऱ्याचा...”

टप्प.

तिघांनी खाली बघितलं.

वाळूवर एक काळा ठिपका उमटला होता. ओला.

“छपरातनं आलं असंल,” धुळाप्पा म्हणाला.

छपरातनं? गेल्या वर्षभरात सोलापूरच्या छपरावर थेंब पडला नव्हता.

टप्प... टप्प...

मिस्त्रीनं जाकीट उचलून धगधगत्या भट्टीच्या तोंडाशी ठेवलं. बीड तापलं. फडकं लावलं तर करपलं.

तरी पाणी पडतच होतं. गार पाणी.

“बोला मिस्त्री,” फुलाबाई म्हणाली. “काम चोख व्हतं न्हवं?”

“व्हतं! शंभरदा सांगीन, व्हतं!”

तेवढ्यात काहीतरी कमी झालं.

काय कमी झालं, ते आधी कळेना. मग धुळाप्पानं समोर बोट केलं. समोरच्या घरात दोन माग चालू होते. धोटा पळत होता, फणी हलत होती, विणकर पाय मारत होता...

पण आवाज नव्हता.

सबंध बोळात कशाचाच आवाज नव्हता. कावळा नाही, सायकलची घंटी नाही. भट्टीसुद्धा मुकी जळत होती.

त्या शांततेत, लांबून, पाण्यावरून यावा तसा आवाज आला...

टुक... टुक... टुक... टुक...

पुराच्या गढूळ पाण्याचा वास आला. डिझेलचा आला. आणि त्यात मिसळून, कुठंतरी, लाह्यांचा.

मग जाकिटाच्या तोंडातून हाक आली. दमलेली, भिजलेली.

“बसून घ्या बायांनो... बसून घ्या...”

धुळाप्पाच्या हातातली भाकरी पडली. तो दाराकडं धावला, पण त्या मुक्या बोळात उतरेना; उंबऱ्यावरच बसला. “शिवा शिवा” करत मिस्त्रीनं घण उचलला आणि जाकिटावर उगारला.

फुलाबाई मध्ये उभी राहिली.

“आदी माझं डोस्कं फोड.”

“सरक बाई! भूत हाय त्यात!”

“भूत तुला. माझा नवरा हाय त्यो. तीन कोस डोक्यावर घेऊन आल्ये, मग एसटीत मांडीवर. मी न्हाय भीत. तू का भितूस, त्ये सांग!”

घण खाली आला. हळूच, जमिनीवर.

मिस्त्री भिंतीला टेकला. 

“पंचमी व्हती,” तो म्हणाला. “पंचमीला आमी भट्टी पेटवत न्हाय. तवासुदीक चुलीवर ठेवत न्हाय, नागाला चटका बसतो. आन बीड सांधायचं तर सगळं लाल करावं लागतंय, मग दिवसभर राखंत निवू द्यावं लागतंय. सिद्धनाथ पहाटंच दारात. बाया काठावर खोळंबल्यात म्हणाला. मी भेग बघितली व्हती. आतल्या अंगाला, बोटभर. नवसागर आन लोखंडाचा कीस कालवून लिंपला. वरनं काळा रंग मारला. त्ये वाळायला दोन दिवस लागत्यात...”

“आन पाणी भरून बघितलं?”

“त्यानं इचारलं मला. व्हय म्हणालो.” त्यानं चष्मा काढला. “न्हवतं बघितलं.”

धुळाप्पानं उंबऱ्यावरून मान वळवली, पण मालकाकडं बघितलं नाही.

फुलाबाईनं डोळे मिटले. दोन वर्षं जे ऐकायला ती जगली होती, ते झालं होतं. आता आवाज परत येतील, माग खटखटू लागतील, असं तिला वाटलं.

आले नाहीत.

टुक... टुक... जवळ आलं होतं. थेंबांची धार झाली होती. वाळूतून वाट काढत पाणी मिस्त्रीच्या पायाकडं निघालं होतं.

ते जाकीट अजून फुलाबाईच्या अंगणात आहे. त्याच्याखाली परात मांडलेली असते, उन्हाळ्यातसुद्धा. का, ते ती कुणाला सांगत नाही.

त्या दुपारी तिनं धारेखाली ओंजळ धरली. पाणी तोंडाला लावलं. भीमेचंच होतं. मग ओली बोटं आता गार पडलेल्या जाकिटावर ठेवून, झोपेत दचकलेल्या माणसाला थोपटावं तशी ती पुटपुटली, “व्हय व्हय, कळलं मला. अजून हाय काहीतरी.”

आणि वळली.

“मिस्त्री, ह्यो थांबंना. काय ऱ्हायलंय?”

“काय न्हाय...”

पाणी त्याच्या अंगठ्याला लागलं. तो ओरडलाच. भिंतीत घुसायचा तेवढा घुसला, आणि लहान पोरासारखा हुंदका देऊन म्हणाला,

“साहेब चौकशीला आला, तवा मलाच इचारलं व्हतं, इंजिन का बंद पडलं म्हणून... अक्का, सिद्धनाथच्या तोंडाला दारूचा वास येत व्हता, असं मीच सांगितलं.”