सोडायचा हुकूम

बसा, दिवा जरा मोठा करतो. गोष्ट भर दुपारची आहे, पण दुपारी ती मला सांगवत नाही.

मी तेव्हा इंटरला होतो. कॅरिअरला वळकटी बांधून ठाकुर्लीहून सायकलनं निघालो, विठ्ठलवाडीपलीकडच्या एका सैनिकी शाळेत. तिथं कॉलेजच्या पोरांसाठी उन्हाळी नेतृत्व शिबिर होतं. जो पहिला येईल त्याची अकादमीसाठी शिफारस होणार, म्हणजे पुढे अफसरच. मला दुसरं काहीच नको होतं. नाहीतर वडिलांनी शहाडच्या एका कारखान्यात कारकुनाची जागा बघून ठेवलीच होती.

आणि नशीब बघा, मला आवाजच नव्हता! धावण्यात, दोरावर चढण्यात मी सगळ्यांच्या पुढे. पण हुकूम द्यायला तोंड उघडलं की चिरका सूर. मी डावीकडे वळवलं तर पोरं मुद्दाम उजवीकडे वळायची. शेजारच्या खाटेवरचा भिवा तर लोळून हसायचा.

"आरं सुधीर, आमची म्हस तुज्यापरीस मोठ्यानं वरडते."

कवायत शिकवायला सुभेदार भोईटे होते, लढाई बघितलेले, साताऱ्याकडचे. इंग्रजी हुकूम नुकतेच बंद होऊन हिंदी आले होते. चुकून इंग्रजी तोंडातून गेलं तर नाव कट, असा शिबिराचा नियमच होता.

एके दिवशी सुभेदार माझ्यावर वैतागले. "जा मागच्या मैदानावर. मोकळ्या मैदानाला हुकूम दे. घसा फुटंस्तवर दे."

मागचं मैदान लढाईच्या काळातल्या गोऱ्यांच्या छावणीचं. छावणीच्या बराकींत आता निर्वासित राहत होते, पण त्यांची पोरंसुद्धा या मैदानात खेळायला येत नसत. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली माती, एक पान हलत नव्हतं. मी ओरडत राहिलो. "सावधान! तेज चल!" समोर कोणी नाही आणि तरी ते रिकामं मैदानही मला हसतंय असं वाटायला लागलं. इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी रुळांपलीकडून गोऱ्या साहेबांची कवायत ऐकलेली होती. रागाच्या भरात तेच ओरडलो, "क्विक मार्च!"

आणि बूट उचलले गेले.

समोर धूळसुद्धा उडाली नाही. नुसता आवाज. पन्नासेक माणसांचा, एका ठेक्यात. आणि बूट-पॉलिशचा उग्र वास. खरं सांगू? भीती वाटायला हवी होती, मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझं कोणीतरी ऐकत होतं! मी "अबाउट टर्न" म्हणालो, ते वळले. सरळ माझ्याकडे यायला लागले. मग मात्र मी दोन पावलं मागे सरलो.

"थम!" मी म्हणालो.

ते थांबले नाहीत. मी पळत सुटलो. उन्हानं भ्रम झाला, असं स्वतःला समजावत राहिलो.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. खुर्चीवर परीक्षक साहेब, शेजारी सुभेदार. माझ्या तुकडीत भिवा मागच्या रांगेत. पोरं त्या दिवशी का कोण जाणे, मुकाट चालली. मी "थम" म्हणालो आणि पाय थांबले.

सगळे नाही... मागच्या मैदानाकडून ठेका येतच होता. जवळ... आणखी जवळ. भिवाचा चेहरा पांढराफटक पडला. कोणीतरी खांद्यानं ढकलावं तसा तो तोंडावर आपटला. उठायला गेला, तर पाठीवर काहीतरी दाबत होतं.

"सुधीर... थांबव यांना..."

कोणत्या शब्दानं थांबतील ते मला ठाऊक होतं. त्या शब्दाची किंमतही ठाऊक होती. भिवा मातीत कण्हत होता. मी ओरडलो, "हॉल्ट!"

माझा आवाज असा कधीच लागला नव्हता. बूट भिवावरून पुढे आले आणि एकदम थांबले, माझ्या पाठीशी. साहेबांना एवढंच ऐकू आलं की मी इंग्रजीत हुकूम दिला. नाव कट झालं.

संध्याकाळी फाटकाशी सुभेदार आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "थांबवलंस, बरं केलंस. पर सोडलं न्हाईस त्यांना."

"कोण आहेत ते?"

"ते नगं इचारूस. ज्यानं थांबवलं त्यानंच सोडायचं आसतं. त्यांच्याच भाषेत एक शबूद हाय. डिसमिस म्हन आन् मोकळा हो."

माझी अकादमी गेली होती, आणि हा माणूस मला त्यांची सुटका करायला सांगत होता! सायकल काढली आणि निघालो.

आता शहाडला कारकून आहे. शिपायाला पाणी मागितलं तर तो बिडी संपवून येतो. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा माझ्यावर साहेब झाला. घरी धाकटा भाऊसुद्धा मला विचारत नाही.

बायको, कलावती, मात्र अंगणावरून कावलेली असते. सकाळी छान सारवून घेते आणि दुपारपर्यंत ओल्या शेणात बुटांच्या टाचांचे खड्डे पडतात. जोडीजोडीनं, सरळ रांगेत, सगळे घराकडे तोंड करून. "कोण येऊन उभं राहतं हो इथं?" ती विचारते. "तुम्ही एकदा सांगा ना त्यांना, जा म्हणावं."

सांगतो, म्हणतो मी. एकच तर शब्द आहे. रोज ओठांवर येतो आणि रोज मी तो गिळतो.