घाटावर श्रावण, खाली आटी

पुढच्या गाडीची काच खाली झाली आणि निरीक्षाच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. आत ड्रायव्हरशेजारी शमंत बसला होता!

आता बघा, बंगळुरूत ऑफिसच्या बसमध्ये रोज शेजारी बसणारा माणूस नेमका आपल्या पुढच्याच गाडीत निघावा, आणि तोही सकलेशपूरच्या पुढं, जिथं घाटात दरड कोसळून शंभर-दीडशे गाड्या ओळीनं उभ्या आहेत... आईनं तिला पाठवलं होतं ते एवढंच विचारायला, की घाट कधी सुटणार. गाडीला मंगळुरूचा नंबर होता, म्हणजे आपलीच तुळू बोलणारी माणसं असणार, असा आईचा हिशेब.

“तू?”

“मीच. आणि छत्री नीट धर, सगळं पाणी माझ्या मांडीवर पडतंय.”

“पडू दे. गावाला निघालोय म्हणून सांगितलं का नाहीस?”

“तू तरी कुठं सांगितलंस?”

मागच्या सीटवरून शमंतच्या आईनं मान पुढं काढली, निरीक्षाला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, “हीच का ती खिडकीवाली?”

शमंत कानापर्यंत लाल झाला. त्या बसमध्ये एक खिडकी गळायची. पाऊस आला की तो गुपचूप त्या बाजूला सरकायचा आणि कोरडी जागा निरीक्षाला द्यायचा. आठ महिने दोघं जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले होते. एकच विषय तेवढा राहिला होता.

रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर घातलेलं एक हॉटेल होतं. दोघं कॉफी आणायच्या निमित्तानं तिथं गेली. पत्र्यावर पाऊस असा बडवत होता, की बोलायला जवळ उभं राहावंच लागत होतं. दोघांचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

“एक सांगायचंय,” निरीक्षा म्हणाली. “आटी संपून सोण महिना लागला की पहिल्याच दिवशी मला बघायला येतायत. दुबईचा मुलगा आहे. रघुमामानं आणलंय स्थळ.”

शमंतचा पेला ओठापाशी थांबला. “म्हणजे... बारा दिवसांनी?”

“मोजता येतं की तुला!”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार? दुसरं नाव असतं तर सांगितलं असतं. आहे का दुसरं नाव?”

तो कॉफीत बघायला लागला. “मी बोलणारच होतो. आटी संपली की...”

“काय बोलणार होतास?”

“ते आटीत नाही ना बोलता येत.”

खरंच नाही येत. आटी म्हणजे भर पावसाचा महिना. त्यात लग्न नाही, साखरपुडा नाही, स्थळाचं नावसुद्धा काढायचं नाही. आटीत काढलेला विषय नासतो म्हणतात, आणि शमंतच्या घरी तर आटीत कुणी नवी चप्पलसुद्धा घालत नसे. पण निरीक्षाला राग आला तो आलाच.

“मग गेले आठ महिने काय, आटीच होती का?”

तिनं कॉफीचा पेला दाणकन खाली ठेवला. डोळ्यांत पाणी येतंय हे त्याला दिसू नये म्हणून ती पावसाकडे तोंड करून उभी राहिली. बारा दिवसांनी सगळं संपणार होतं आणि हा मनुष्य पंचांग धरून बसला होता!

तेवढ्यात हॉटेलवाल्यांची नवी सून हातात तबक घेऊन बाहेर आली. अडकलेल्या गाड्यांतल्या बायकांना ती एकेक करून आत बोलावत होती. निरीक्षाची आई आली, शमंतची आई आली.

“अगं, आटीत कसलं हळदीकुंकू?” निरीक्षाची आई दचकून मागं सरली.

सून हसली. “आटी तुमची, अम्मा, घाटाखाली. आम्हां घाटावरच्यांचा अमावास्या झाली की श्रावण लागतो. आज माझी पहिली मंगळागौर आहे.”

“विसरलेच बाई!” निरीक्षाची आई म्हणाली. “पंचवीस वर्षं घाटावर राहते, पण डोक्यात महिने खालचेच.”

निरीक्षानं वळून शमंतकडे बघितलं. शमंत तिच्याकडेच बघत होता. दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला असावा, कारण तो म्हणाला, “म्हणजे इथं...” आणि ती म्हणाली, “श्रावण आहे.”

“आणि घाट उतरलो की?”

“आटी.”

तेवढ्यात पुढून पोलिसाची शिट्टी वाजली. माती उपसून झाली होती. “चला, चला, गाड्या काढा!” एकापाठोपाठ एक इंजिनं सुरू झाली.

शमंत धावला, पण स्वतःच्या गाडीकडे नव्हे. तो थेट निरीक्षाची गाडी चालवणाऱ्या रघुमामाच्या खिडकीशी गेला. निरीक्षा आणि तिची आई मागोमाग पळाल्या.

आता हा रघुमामा म्हणजे साधं काम नव्हे. पन्नाशी उलटलेला, अविवाहित, आणि बोलणं मोजून-मापून. दर आटीत बहिणीला माहेरी न्यायला स्वतः गाडी घेऊन बंगळुरूला जायचा. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, त्यामुळं लग्नाच्या बाबतीत शब्द मामाचा. निरीक्षाचे बाबासुद्धा म्हणायचे, “मामाला विचार.”

“मामा,” शमंत धापा टाकत म्हणाला.

“मी तुझा मामा कधी झालो?”

“व्हावं, म्हणूनच आलोय. आठ महिने ऑफिसच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसतो. मी निरीक्षाला मागणी घालतोय.”

आई “अय्यो!” करून ओरडली. मामानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आटी चालू आहे, माहीत आहे ना?”

“खाली चालू आहे. इथं श्रावण आहे, मामा. विचारा हवं तर, त्या सूनबाईंची मंगळागौर आहे आज.”

मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला. मामा हलला नाही.

“कूळ कुठलं? आईकडचं सांग.”

शमंतनं सांगितलं. वेगळं निघालं. निरीक्षाचा जीव भांड्यात पडला.

“आठ महिने ओळख म्हणतोस. मग आजच का?”

“भित्रा आहे म्हणून,” शमंत म्हणाला. तो नखशिखांत भिजला होता. “पण बारा दिवसांनी दुसरा कुणी येणार म्हटल्यावर राहवलं नाही.”

मामानं किल्ली फिरवली. मग म्हणाला, “गाडीत जाऊन बस. उत्तर माझं नाही, तिचं आहे.”

शमंतची गाडी हलली, मागोमाग मामाचीही. निरीक्षा मागं बसली होती.

“पुढं वळणावर घाटाची पाटी आहे,” मामा म्हणाला. “पाटीच्या अलीकडे श्रावण. पलीकडे आटी, मग मी आटी संपेपर्यंत एक शब्द ऐकून घ्यायचा नाही. काय ते आत्ता बोल.”

“अण्णा, दुबईवाल्यांना शब्द दिलायस तू!” आई म्हणाली.

“बघायला या म्हटलंय. शब्द नाही दिला.” मामानं गाडी पहिल्या गिअरवरच ठेवली होती. माणूस चालत पुढं जाईल एवढ्या वेगानं गाडी सरकत होती आणि मागून भोंग्यांचा नुसता कल्ला. मामा आरशात निरीक्षाकडे बघत म्हणाला, “कारकळची एक मुलगी होती. आटी संपू दे, मग विचारू म्हटलं. सोण लागला त्याच सकाळी दुसरे लोक तिच्या घरी पोचले. मी दुपारच्या बसनं गेलो.”

आईनं चमकून त्याच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तिलाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाटी दिसायला लागली. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून शमंत वळून बघत होता. निरीक्षानं खिडकी सरसर खाली केली, अर्धी बाहेर वाकली. पाऊस तोंडावर आपटला.

“अगं, पडशील! सीट भिजतेय!” आई किंचाळली.

“होऽऽऽ!” निरीक्षा ओरडली. “शमंत, होऽऽऽ! ऐकू आलं का?”

त्यानं दोन्ही हात वर केले आणि गाडीच्या छताला आपटून घेतले. मागचा ट्रकवाला काही न कळता आनंदानं भोंगा वाजवत सुटला.

पाटी मागं पडली. निरीक्षानं काच वर केली. ती ओलीचिंब होती, हसत होती आणि रडतही होती. आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. बारा दिवसांची बंदी लागली होती.

दोन वळणं झाल्यावर आईला राहवेना. “अण्णा... त्या दुबईवाल्यांचं काय?”

“घरी पोचलो की फोन करून नाही म्हणून टाकतो.”

“आटीत?”

“नकार आटीतही देता येतो,” मामा म्हणाला, आणि त्यानं गिअर बदलला.