गोळ्यांचाही उपवास

आमचं नेहमीचं औषधाचं दुकान त्या दिवशी बंद होतं, म्हणून मी महाल भागातल्या दुसऱ्याच दुकानात शिरले. एप्रिलचं ऊन, तोंडाला गच्च बांधलेला दुपट्टा आणि कूलरमधून येणारा ओल्या वाळ्याचा वास... काउंटरमागच्या मुलाच्या कोटावर नाव होतं – अश्विन. तो बाबांची चिठ्ठी वाचत होता आणि मधूनच माझ्या डोळ्यांकडे बघत होता. दिसत तेवढेच होते म्हणा.

"मागच्या दुकानाचा शिक्का दीड महिन्यापूर्वीचा आहे," तो म्हणाला. "गोळ्या तीस, रोज एक. मग वरचे पंधरा दिवस काय केलं मॅडम?"

दुकानातल्या साऱ्या बायांना तो ताई म्हणत होता. मीच तेवढी मॅडम.

"बाबा उपवासाला गोळी घेत नाहीत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी..."

"म्हणजे बीपीच्या गोळ्याही उपवास करून राहिल्या."

मी हसले, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. माझे बाबा, गणपतराव, कीर्तनकार. मागच्याच कीर्तनात अभंग म्हणताना त्यांना चक्कर आली होती. पेटीवाल्यानं सावरलं म्हणून निभावलं. उपवासाला साबुदाणा चालतो, चहा चालतो... मग गोळीच कशी चालत नाही?

"महाग पडते का?" त्यानं हळूच विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. उपवास हे गोळ्या पुरवायचं निमित्त होतं, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

"हेच औषध, एवढ्याच ताकदीचं, जेनेरिकमध्ये पाव किमतीत येते. डॉक्टरले विचारून या. मी इथंच आहे – सकाळी नऊ ते रात्री नऊ."

"वेळापत्रक नव्हतं विचारलं."

"असू द्या ना जवळ."

डॉक्टरांनी फोनवर लगेच होकार दिला. बाबांनी नाही. "स्वस्तातलं औषध लागू पडत असते का वं?" म्हणत ते टाळ पुसायला बसले. गुरुवार होता. गोळी डबीतच राहिली.

हे सांगायला मी अश्विनकडे गेले. फोनही चालला असता... पण गेले, आणि बाबांच्या कीर्तनाचं आमंत्रणही देऊन आले.

हनुमान जयंतीच्या कीर्तनाला तो पांढरा सदरा घालून आला आणि पहिल्या रांगेत बसला. कीर्तन रंगलं की मला जगाचं भान नसतं. त्या दिवशी मात्र अर्धं लक्ष त्या सदऱ्याकडे – मारुतीरायानं क्षमा करावी.

"राम म्हणा, कृष्ण म्हणा, विठ्ठल म्हणा," बाबा रंगात आले होते, "हाका निराळ्या, धावून येणारा एकच."

आरती झाली. पाया पडणाऱ्यांच्या रांगेतून अश्विन पुढे आला.

"बुवा, एक शंका होती."

"विचार ना गा."

"नाव बदललं तरी देव पावते. मग कंपनीचं नाव बदललं तर औषध काहून नाही पावणार? आतलं तर तेच आहे."

बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. आणि मग ते असे हसले की हातातल्या चिपळ्या आपोआप वाजल्या.

"माझ्याच कीर्तनात मले धरलं गा यानं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आण वं दामिनी, उद्यापासून तीच गोळी. एकादशीलेही घेईन."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला आणि मी पोचायला एकच गाठ पडली. अश्विननं गोळ्या काढल्या, आणि त्याचा हात थांबला.

"आता स्वस्त पडतात... तीन महिन्यांच्या एकदम नेल्या तर तुमच्या खेपा वाचतील." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

"तीन महिन्यांच्या नको," मी म्हटलं. "दहाच द्या."

त्याचे कान लाल झाले. दहा गोळ्या पाकिटात घालायला त्याला केवढा वेळ लागला...

"दहा दिवस," तो म्हणाला, "लय होतात, दामिनी."