परतीच्या गोळ्या

"बाई, बंदूक आहे ती, पाल नाही. अंगावर पडणार नाही," सुभेदार धायगुडे पाचव्यांदा म्हणाले.

डॉ. वृंदा केळुस्करांनी मान डोलावली, नमुना-बंदूक खांद्याला लावली आणि डोळे गच्च मिटून चाप ओढला. ओढताच एक हात हेल्मेटवरून कानाकडे गेला. निर्वातात आवाज ऐकू येत नाही, हे त्यांनी स्वतःच एका पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं.

पन्नास मीटरवरचा फळा कोराच राहिला. सातपैकी पाच गोळ्या संपल्या.

वृंदाबाई फुटाणा या लघुग्रहावरच्या तळाच्या कक्षागणिती. सहा वर्षं खोलीत बसून त्यांनी इतरांच्या वाटा आखल्या होत्या. आज तीन तासांनी निळ्या दरीकडे निघणाऱ्या गाडीच्या यादीत पहिल्यांदाच त्यांचं नाव होतं. अट एकच. दरीतल्या बर्फाचा नमुना दुरून गोळी मारूनच घेता येतो, म्हणून प्रत्येकाने निदान एकदा तरी फळा फोडून दाखवायचा. त्यासाठी उत्तर ध्रुवावरच्या टेकडीवर कालच चांदमारी उभारली होती.

"लिहून टाका, नापास," बाई म्हणाल्या.

"लिहितो की. घाई काय आहे? आधी ओळख करून घ्या तिची. खोला, पुसा, जोडा. नवी सून घरात आली की पहिल्याच दिवशी पुरणपोळ्या लाटायला लावतो का आपण?"

"लावतात."

"लावतात, अन् मग पोळ्या फाटतात."

बाईंनी बंदूक खोलली, पुसली, जोडली. तिसऱ्यांदा जोडताना त्यांना खाली पाहावं लागलं नाही. सहाव्यांदा त्या गुणगुणू लागल्या. दोन तास कसे गेले कळलं नाही. मग, माणसाची ओळख वाढली की आपण गाव विचारतो तसं, त्यांनी सहज विचारलं, "हिच्या गोळीचा वेग किती हो?"

"सेकंदाला एकशे सत्तर मीटर."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "सुभेदार, आडवे व्हा!"

"का?"

"आधी व्हा!"

तीस वर्षं हुकूम सोडत आलेला माणूस बर्फावर सपशेल पालथा पडला. शेजारी बाई पडल्या.

"फुटाण्याचं गुरुत्व अगदीच किरकोळ," त्या म्हणाल्या. "एवढ्या वेगाची गोळी इथे खाली पडतच नाही. सगळ्या ग्रहाला वळसा घालते आणि सव्वादोन तासांनी सुटली तिथेच, मागच्या बाजूने परत येते."

"म्हणजे आपल्या पाठीत?"

"पाच."

सुभेदारांनी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या विद्यार्थिनीला भिऊन डोळे मिटले. उघडले, तेव्हा फळ्याला भोक होतं. पाहता पाहता दुसरं पडलं. मग तिसरं. पाच झाली, तीही एका लिंबाखाली झाकतील इतकी जवळजवळ.

बाई बोटांवर मोजत होत्या. "तेवढ्या वेळात ग्रह स्वतःभोवती अर्धा फेरा आणि वर तीन अंश फिरतो. आपण ध्रुवावर, म्हणून फळाही आपल्याभोवती तेवढाच फिरून गोळीच्या परतीच्या वाटेत आला. म्हणजे माझी प्रत्येक गोळी बरोब्बर तीन अंश डावीकडे जात होती!"

"बाई," सुभेदार उठत गहिवरून म्हणाले, "चुकलेल्या गोळीचा पत्ता जगात कुणाला लागत नाही. आमचे जवान चुकतात ते दाही दिशांना. तुम्ही एकाच जागी चुकता! याला नेमच म्हणतात."

"मग पास?"

"पाठीमागून नाही. समोरून मारा. तीन अंश उजवीकडे धरा, झालं."

बाईंनी तीन अंश उजवीकडे धरलं. आता हात आपला होता, बंदूक ओळखीची होती, आणि गोळी कशी जाते ते पाहायची भारी उत्सुकता होती. त्यांनी डोळे सताड उघडे ठेवून चाप ओढला.

फळ्याला सहावं भोक पडलं नाही.

"उजवीकडे गेली," सुभेदार पुटपुटले. "तीन अंश."

बाई खदखदून हसल्या. "अहो, मी दचकलेच नाही! दचक्याचा हिशेब धरला, आणि दचकाच राहिला!"

शेवटची गोळी. बाईंनी सरळ नेम धरला आणि श्वास हलकेच सोडला. फळ्याच्या मधोमध भोक उमटलं. आनंदाने त्यांनी उडी मारली, ती पंचवीस मीटर वर गेली. त्या खाली येईपर्यंत सुभेदारांनी "उत्तीर्ण" लिहून, सही करून, शिक्काही मारला होता.

गाडी दरीकडे निघाली तेव्हा खिडकीजवळच्या जागेवरून बाईंनी रेडिओ उचलला.

"सुभेदार, पुढचा उमेदवार कोण?"

"तळाचे संचालक. म्हणतात, मला शिकवायची गरज नाही."

"त्यांना सांगा, बरोबर दीड तासाने आडवे व्हा. माझी उजवीकडची अजून यायची आहे."

"सांगून पाहिलं. ते कुणापुढे वाकत नाहीत."

"मग फक्त वेळ सांगा," बाई म्हणाल्या, "आणि वेग."

दीड तासाने चांदमारीवर संचालक आपणहून पालथे होते.