सखल गल्लीतली विहीर

"जीव द्यायचा असेल तर दुसरी विहीर बघा हो, हिच्यात गुडघाभरसुद्धा पाणी नाही!"

परसात कुणी अनोळखी माणूस आमच्या विहिरीत वाकलेला पाहून मी ओरडले. तो दचकला आणि हातातली टेप सरळ आत... गोरामोरा होऊन म्हणाला, "खाणीकडून आलोय. पाणी किती खोल आहे ते मोजायचंय... म्हणजे, मोजायचं होतं."

खाण अजून पंधरा वर्षं चालणार होती. पण ती बंद झाल्यावर गावाचं काय, हे आत्ताच ठरवायचं म्हणे. हा त्याचसाठी आला होता.

"म्हणजे वरातीतच घटस्फोटाची बोलणी!" मी चिडवलं.

"नंतर रडारड नको म्हणून," तो हसला. गालाला खळी पडायची मेल्याच्या.

मग तो दर आठवड्याला यायला लागला. नवी टेप मी विहिरीत सोडायची, आकडा तो लिहायचा. टेप गुंडाळताना बोटांना बोटं लागली, की आकडा पुन्हा विचारायचा.

"लक्ष कुठंय साहेबांचं?"

"विहिरीत."

"विहीर खाली आहे – साहेब वर बघतायत."

अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. मी पार प्रेमात पडले होते. मोजणीतून काय निघालं ते तो गावच्या बैठकीत सांगणार होता. ती एकदा उरकली, की बाबांच्या कानावर घालायचं ठरवलं होतं.

बाबा खाणीत पंपावर कामाला. खाणीतलं पाणी सतत उपसतात, म्हणून आमची सखल गल्ली कोरडी राहते.

बैठकीत त्याने नकाशा लावला. खाण बंद झाली की पंप थांबणार, जमिनीतलं पाणी पुन्हा वर येणार. आमच्या गल्लीत घरं राहणार नाहीत. "आत्ताच सांगतोय, म्हणजे नवी घरं बांधायला सगळ्यांना वेळ मिळेल."

चुकीचं काहीच नव्हतं. पण बाबा माझ्याकडे वळले.

"आकडे तूच मोजून दिलेस ना गं?"

त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात उभा. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. सांगणार होतो गं गल्लीचं... पण तू भेटणंच बंद केलं असतंस तर?"

"माझंही आहे," मी म्हणाले. अंगाचा नुसता संताप होत होता, तरी खोटं बोलवेना. "कधीपासून माहीत होतं तुला?"

"...बरेच दिवस."

"सगळ्या गावाला पंधरा वर्षं आधी सांगितलंस. मला एक दिवस आधी सांगायला जीभ रेटली नाही? बाबांनी माझ्या तोंडून ऐकलं असतं रे... घरात, माझ्याशेजारी बसून."

तो काहीतरी बोलणार होता. मी दार लावून घेतलं.

आत बाबा बसले होते. कोण आलं होतं, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.