गाळणकागदाची घडी

तो पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांतून पाणी ठिबकत होतं आणि काखेत एक लाकडी पेटी होती.

"नळ फुटलाय का कुठे?" तिने विचारलं. ती विज्ञान शिकवायची, आणि ओली फरशी बघितली की तिचं डोकं फिरायचं.

"नाही... बाहेर पाटी आहे ना, 'हात धुऊन आत या'. म्हणून धुतले."

"ती मुलांसाठी आहे. आणि धुतलेले हात पुसायचेही असतात."

"ते लिहिलेलं नाही," तो म्हणाला, आणि इतकं साधं हसला की तिने आपला नॅपकिन पुढे केला. झालं! एवढंच झालं. पण पुढचे आठ दिवस तो नॅपकिन धुवायला पडला नाही, हे तिच्या आईच्या नजरेतून काही सुटलं नाही.

तो धर्मओळख या नव्या तासाचा शिक्षक होता, एका वर्षाच्या करारावर आलेला. त्या शाळेत एकेका बाकावर दोन-तीन धर्मांची मुलं बसत, एकमेकांचे डबे फस्त करत आणि एकमेकांच्या देवांबद्दल वाट्टेल त्या थापा मारत. म्हणून हा तास सुरू झाला. त्याच्या फळ्यावर कायम एक ओळ असे, 'अंदाज बांधू नका, विचारा.' मुलांनी बिननावाच्या चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या, त्याने त्या वर्गातच उघडायच्या, जी हाताला लागेल ती मोठ्याने वाचायची आणि खरं उत्तर द्यायचं. तो स्वतः कुठल्या धर्माचा, एवढं एकच उत्तर त्याने वर्षअखेरीपर्यंत राखून ठेवलं होतं. त्याचं नावही असं, की चार धर्मांत चार माणसं सापडावीत. मुलं त्याला पेटीसर म्हणू लागली.

कुलपाचं कपाट फक्त प्रयोगशाळेत होतं, त्यामुळे पेटी तिच्याकडे असायची. पेटीची किल्ली त्याच्याजवळ, कपाटाची तिच्याजवळ. दर गुरुवारी सकाळी तो पेटी न्यायला यायचा आणि दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावायचा.

"एकाने विचारलंय, जग सहा दिवसांत झालं, की विज्ञानाच्या बाई म्हणतात तसं?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, काही पुस्तकं काय म्हणतात ते मी सांगतो. बाईंचं बाईंना विचारा. त्यांच्याशी भांडायची माझी हिंमत नाही."

"इतके भित्रे आहात?"

"सगळीकडे नाही... इथे आलो की होतो."

ती खाली मान घालून गाळणकागदाच्या घड्या घालत राहिली. तो तिच्या बोटांकडे बघत होता.

"ही घडी तिरकी पडली."

"मुद्दाम घातलीय. जराशी तिरकी ठेवायची आणि एक कोपरा चिमूटभर फाडायचा. मग कागद नरसाळ्याला नीट चिकटून बसतो."

"म्हणजे जरा वाकडं असलं, तरच चिकटतं?"

तिने पुढचा कागद घडीला घेतला. कान मात्र लाल झाले.

असंच एका गुरुवारी त्याने विचारलं, "शनिवारी माझ्याबरोबर याल? मुलांना सगळी प्रार्थनास्थळं दाखवायची आहेत. काही ठिकाणी बायकांची बाजू वेगळी असते, तिथे मला जाता येत नाही. मुलींना तिथून काय दिसेल, ते आधी कुणीतरी बघून यायला हवं."

तिच्या मनात हो होतं. अगदी ओठांवर होतं! पण तोंडातून निघालं, "मी? माझा काय संबंध देवाधर्माशी! मी आपली परीक्षानळीवाली." तो पुन्हा विचारेल, जरा आग्रह करेल, मग आढेवेढे घेत हो म्हणू, असा तिचा बेत होता. त्याने मान डोलावली. "बरं," म्हणाला, आणि पेटी उचलून गेला.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत गाण्याच्या बाई सांगत होत्या, "अगं, शनिवारी काय मजा आली! सरांबरोबर तीन ठिकाणं बघितली. त्या घुमटाखाली आवाज काय घुमतो! आणि सर किती काळजी घेतात गं, माझ्या चपलाही त्यांनीच सांभाळल्या."

चपला! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता, हे कळत होतं, म्हणून तर जास्त जळत होतं. पुढचा शनिवारही गाण्याच्या बाईंचा. त्याच्या पुढचाही. त्यांचं हसणं, त्यांचा लांब शेपटा, जिन्यात गुणगुणत चढणं, सगळं तिला खुपायला लागलं. गुरुवारी तो आला की ती कपाट उघडायची आणि लगेच काचेची भांडी घासायला घ्यायची. तोही मग दोनच मिनिटं थांबायला लागला.

घरी आई विचारायची, "ते पेटीवाले आहेत तरी कुठल्या धर्माचे गं?"

"मला काय माहीत? गाण्याच्या बाईंना विचार!"

आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता फक्त वर बघितलं.

शेवटी एका बुधवारी तिचा धीर सुटला. मुलांच्या वहीचं पान फाडून तिने डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं, 'सर, खरं सांगा. गाण्याच्या बाई तुम्हाला आवडतात म्हणून शनिवारी त्यांना नेता का?' चिठ्ठी पेटीत सरकवली तेव्हा इतकं बरं वाटलं!

ते बरं वाटणं गुरुवारी सकाळपर्यंत टिकलं. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, "आज पालक समिती धर्मओळखीच्या तासाला बसणार आहे. तास चालू ठेवायचा की बंद करायचा, ते आजच ठरेल."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तास बंद म्हणजे करार संपला, आणि तो शाळेतून गेला. समितीत औषधाच्या दुकानाचे मालक होते, शाळेत दुसऱ्यांचे देव कशाला आणता, असं प्रत्येक बैठकीत टेबलावर हात आपटून विचारणारे. त्यांच्यासमोर ती चिठ्ठी निघाली तर?

ती धावत प्रयोगशाळेत गेली. लांब चिमटा पेटीच्या फटीतून आत घातला. एक चिठ्ठी आली, तिची नव्हती. 'मैत्रिणीच्या घरी प्रार्थना चालू असली की मी डोळे मिटू का उघडे ठेवू?' दुसरी आली, तीही तिची नव्हती. 'आमच्या घरी तिला जेवायला बोलावलं तर ती येईल का?' आपण हा कसला पोरकटपणा केला, असं वाटून तिला रडूच आलं. तिने दोन्ही चिठ्ठ्या परत आत टाकल्या.

"काय हरवलंय?" दारात तो उभा होता. हात ओले.

"खोडरबर," ती म्हणाली. सांगून टाकावं, असं शंभरदा वाटलं. पण तिने पेटी त्याच्या हातात दिली आणि मुकाट्याने त्याच्यामागून वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

पहिली चिठ्ठी डोळे मिटण्याची निघाली, आणि त्यावर अख्खा वर्ग बोलला. दुसरीही छान गेली. तिसरी त्याने बाहेर काढली आणि तो थबकला. चिठ्ठीची घडी जराशी तिरकी होती, आणि एक कोपरा चिमूटभर फाटलेला.

त्याची नजर सरळ शेवटच्या बाकावर आली. तिने डोळे गच्च मिटले. हात कसे सवयीने चालतात, मेले!

त्याने चिठ्ठी उघडली. मनात वाचली. खिशाकडे हात जातोय की काय, तोच औषधवाले म्हणाले, "वाचा की! सगळ्या वाचता म्हणे."

त्याने वाचली. वर्ग खो खो हसला. मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला.

"हे शिकतात होय मुलं इथे?" औषधवाल्यांचा आवाज चढला.

"थांबा," ती उठून उभी राहिली. "ही चिठ्ठी मुलांची नाही, माझी आहे. मी... मी अंदाज बांधून बसले होते. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून लपून विचारलं."



"प्रश्न कुणाचाही असो, उत्तर द्यायचंच," तो हळूच म्हणाला. "नाही. गाण्याच्या बाई चांगल्या सहकारी आहेत. मी आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. त्यांना माझ्याबरोबर यायचंच नसेल, असा अंदाज मीही बांधला. पुन्हा विचारलं नाही. दर तासाला ही ओळ फळ्यावर लिहितो, पण ती मीच पाळली नाही."

औषधवाल्यांनी फळ्यावरची ओळ पुन्हा वाचली. मग घसा खाकरून म्हणाले, "माझी मुलगी शेजाऱ्यांबद्दल काही विचारते, तेव्हा मी तिला गप्प बसवतो. मलाच माहीत नसतं, म्हणून. इथे निदान मोठी माणसं फजिती झाली तरी खरं बोलतात." ते मुख्याध्यापिकांकडे वळले. "चालू ठेवा. अजून एक वर्ष बघू."

पोरांनी बाकं बडवली. समितीतल्या कुणीच हरकत घेतली नाही.

तास संपल्यावर तो पेटी ठेवायला आला.

"रागावलात?" तिने विचारलं.

"गाण्याच्या बाई रागावल्यात. गेल्या शनिवारी मला म्हणाल्या, विज्ञानाच्या बाईंचं नाव काढणं बंद करा, नाहीतर मी येणार नाही."

ती हसली, आणि डोळ्यांत पाणीही आलं. "या शनिवारी मी येऊ?"

"या. आणि... तुम्ही मला आवडता. हे त्या उत्तरातलं राहिलं होतं."

"मला तुम्ही पहिल्या दिवसापासून आवडता. ओल्या हातांसकट." मग ती जरा थांबली. "आणखी एक विचारू? घरी आई रोज विचारते."

त्याने सांगितलं. तिच्या घरचा धर्म तो नव्हता.

"आईला काय वाटेल?" त्याने विचारलं.

"अंदाज नाही बांधणार," ती म्हणाली. "विचारते."

पुढच्या गुरुवारी पेटीत एक चिठ्ठी निघाली. अक्षर मोठ्या माणसाचं, घडी पक्क्या गृहिणीची, इस्त्री केल्यासारखी. त्याने ती वर्गात मोठ्याने वाचली, कारण नियम म्हणजे नियम. 'सर, रविवारी जेवायला या. तुम्हाला काय चालतं आणि काय चालत नाही, ते आधी कळवा. माझी पंचाईत नको. – विज्ञानाच्या बाईंची आई.'

त्याचं उत्तर तिने संध्याकाळी घरी नेलं. आईने कागद हातात घेऊन उलटसुलट केला आणि नाक मुरडलं.

"घडी तिरकी घातलीय. आणि कोपरा कुणी फाडला हा?"

"असू दे गं," ती म्हणाली. "आता नीट बसेल."